टॉवर गप्प झाला तर...

मंडळी, आमच्या खामगावात 'टॉवर बंद आहे' असं म्हटलं की लोक मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधायला लागतात. विमानतळाचा टॉवर कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. येणार तरी कुठून? अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर म्हणा की घाटाखाली, प्रवासी विमानतळच नाही. आम्हाला विमान दिसतं ते गच्चीवरून. उन्हाळ्यात गाद्या टाकून आडवं झालं की वर एक लुकलुकता ठिपका, मागून रेंगाळत येणारा आवाज, बस्स.

तर झालं असं. २०२४ च्या मे महिन्यात मी चार दिवस घरी गेलो होतो. रात्री गच्चीवर बाबा आणि मी. मोबाइलमधल्या ॲपवर मी त्यांना दाखवत होतो, हे मुंबईहून कोलकात्याला चाललंय, ते नागपूरहून मुंबईला, आणि तिकडे अकोल्याच्या अंगानं दिल्लीहून बंगळुरूला जाणारं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या खिडकीमागचे 'कंट्रोलर साहेब'. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कोणाची नोंद झाली, कोणता ड्रायव्हर अजून चहाच पितोय, सगळं त्यांच्या रजिस्टरात आणि निम्मं डोक्यात. त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ धंद्यातला होता.

"याइले कोन सांगते रे, इकडून जाय अन् तिकडून जाय म्हनून?"

"कंट्रोलर असतात ना बाबा. नागपूर, मुंबईला बसलेले. उतरताना त्या त्या विमानतळाचा टॉवर."

"अन् तो कंट्रोलर झोपला त?"

"तसं होत नाही बाबा," मी सॉफ्टवेअरवाल्याच्या ठाम आवाजात सांगितलं. "बॅकअप असतो."

बाबा हसले. "स्टँडवर मी नसलो की काय होते ते पाह्यलं मी."

विषय तिथेच संपला. मी चक्क थाप मारली होती, हे मला पुढे तीन महिन्यांनी कळलं.

*

आमच्या घराचे कंट्रोलरही बाबाच. दादा अकोल्याला, ताई जळगावला, मी पुण्यात. रोज रात्री नऊच्या सुमारास बाबा तिघांना एकेक करून फोन लावायचे. "ताई शनिवारी येऊन राह्यली, तू पुढच्या आठवड्यात ये." "दादानं आईची औषधं आणली, तू नको आणू." आम्ही तिघं भावंडं एकमेकांशी थेट फारसं बोलत नव्हतोच. भांडण नव्हतं हो, गरजच नव्हती. सगळी वाहतूक बाबांच्या खिडकीतून जायची.

ऑगस्टमध्ये एका पहाटे बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दादानं त्यांना अकोल्याच्या हॉस्पिटलात हलवलं. ताई जळगावहून निघाली, मी पुण्याहून. पहिले दोन दिवस कसे गेले ते आठवत नाही. आयसीयूबाहेरच्या त्या स्टीलच्या खुर्च्या तेवढ्या आठवतात.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी खामगावले जातो. घर उघडं पडलं. तुम्ही बाबांकडं पाहा." शेजारच्या काकांची गाडी परत जातच होती, त्यात ती गेली.

आता नीट ऐका. दादाला वाटलं ताई आईबरोबर गेली. ताई तासभर आधी जळगावला निघाली होती, मुलाची परीक्षा होती. तिला वाटलं मी खामगावला थांबणार. आणि मी? माझं त्या आठवड्यात रिलीज होतं. दादा जवळच आहे, तो संध्याकाळी चक्कर मारेलच, असं गृहीत धरून मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालो. निघताना दादाला फोनवर विचारलंसुद्धा, "आई ठीक आहे ना?" तो म्हणाला, "हो, आहे ना." त्याच्या 'आहे ना' चा अर्थ होता 'तिच्याजवळ कोणीतरी आहे ना'. माझ्या कानानं ऐकलं, 'मी आहे ना'.

आईला डायबेटिस. रात्री सवयीनं इन्सुलिन घेतलं, पण घास काही उतरेना म्हणून अर्धा कप चहा पिऊन झोपली. सकाळी दुधाची पिशवी दारातच पाहून शेजारच्या काकूंना शंका आली. हाका मारल्या, उत्तर नाही. मागच्या दाराची कडी तोडून आत गेले तर आई बेशुद्ध. साखर पार खाली गेलेली. गल्लीतले डॉक्टर धावत आले, सलाईनमधून ग्लुकोज चढवलं, आणि आई वाचली. अजून दोन तास गेले असते तर... असो. तो विचार मी पूर्ण करत नाही.

मला फोन आला तेव्हा आमची ट्रॅव्हल्स पुण्यात शिरत होती. तिथूनच परत फिरलो.

*

त्या आठवड्यात कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. आमच्याच इंजिनिअरिंगच्या बॅचचा. आम्ही सगळे आयटीत शिरलो तेव्हा हा पठ्ठ्या परीक्षा देऊन एअर ट्रॅफिक कंट्रोलर झाला. बाबांची चौकशी करायला त्यानं फोन केला होता. मी सगळं सांगितलं. आणि का कोण जाणे, बाबांचा गच्चीवरचा प्रश्नही त्याला विचारला. कंट्रोलर झोपला तर?

"झोपलाय की," तो म्हणाला. "वॉशिंग्टनला. २०११."

मग त्यानं सांगितलं ते असं. २३ मार्च २०११ ची मध्यरात्र, अमेरिकेच्या राजधानीलगतचा रेगन विमानतळ. टॉवरमध्ये एकटाच माणूस, तोही वीसेक वर्षांचा अनुभवी, लागोपाठ चौथी रात्रपाळी. त्याला झोप लागली. मायामीहून आलेलं विमान उतरायची परवानगी मागतंय, टॉवर गप्प. वैमानिकानं एक घिरटी मारली. दूरच्या रडार केंद्रातल्या कंट्रोलरनं टॉवरला फोन लावून पाहिले, उत्तर नाही. शेवटी त्यानं वैमानिकांना स्पष्ट सांगितलं की टॉवर बोलत नाहीये. त्यानंतर ते विमान आणि पाठोपाठ शिकागोहून आलेलं दुसरं, दोन्ही आपापल्या जबाबदारीवर उतरली. सुखरूप.

"आणि नियम?" मी विचारलं. "परवानगीशिवाय उतरले?"

"नियम आहे ना. टॉवर नसेल तेव्हाचाही नियम आहे."

मंडळी, मला इथे खरी गंमत वाटली. टॉवर बंद झाला म्हणजे आकाश बेकायदा होत नाही, की बेवारसही होत नाही. जगात हजारो धावपट्ट्यांना टॉवर नाहीतच. अनेक छोट्या विमानतळांचे टॉवर ठरलेल्या वेळेतच चालतात. आपल्याकडच्या छोट्या विमानतळांनाही असे 'वॉच अवर्स' असतात. अमेरिकेतली पद्धत समजायला सोपी आहे. टॉवरभोवतीचं साधारण अडीच हजार फूट उंचीपर्यंतचं आकाश 'डी' वर्गात मोडतं. तिथे शिरण्याआधी टॉवरशी दुतर्फा बोलणं झालंच पाहिजे. टॉवरची वेळ संपली की तेच आकाश 'ई' किंवा 'जी' वर्गाचं होतं. फ्रिक्वेन्सी बहुतेक ठिकाणी तीच राहते. फक्त आधी त्यावर विचारायचं असतं, आता सांगायचं. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, पुढे काय करणार आहे. सगळे सांगतात, सगळे ऐकतात आणि डोळे उघडे ठेवून एकमेकांना टाळतात.

वेळापत्रकाप्रमाणे बंद झाला तर हे ठीक. पण अवचित बंद पडला तर? अडचण तिथेच आहे. आकाशाचा वर्ग छापलेल्या वेळांवर ठरतो. खुर्ची रिकामी झाली म्हणून तो आपोआप बदलत नाही. कोणीतरी तसं जाहीर करावं लागतं. त्यासाठी 'नोटॅम' काढतात, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. ती निघेपर्यंत कागदावर टॉवर चालू आणि प्रत्यक्षात कोणीच नाही, अशी मधली वेळ असते. त्या वेळेत वैमानिकाला हे सांगणारं कोणीतरी हवं. वॉशिंग्टनला ते काम रडार केंद्रानं केलं.

पुढे ६ ऑक्टोबर २०२५ ला, अमेरिकन सरकारचं शटडाऊन चालू असताना, लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक विमानतळाच्या टॉवरमध्ये संध्याकाळी सवाचारपासून रात्री दहापर्यंत एकही कंट्रोलर नव्हता. विमानं अडीच-अडीच तास लटकली. पण टॉवर बंद असल्याचं सगळ्यांना सांगितलेलं होतं, दूरचं रडार केंद्र लक्ष ठेवून होतं, वैमानिक आपली जागा रेडिओवर सांगत होते. उशीर झाला, अपघात नाही.

आणि वर, पस्तीस हजार फुटांवर? तिथलं कंट्रोल सेंटरच बंद पडलं तर? त्यासाठीही आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याचं लघुरूप 'टिबा'. विमानांनी स्वतःच एकमेकांना वाहतुकीची माहिती द्यायची. त्या हद्दीत शिरण्याच्या दहा मिनिटं आधीपासून ठरलेली फ्रिक्वेन्सी ऐकत राहायचं आणि आपण येतोय हे सांगायचं. उंची बदलायच्या दोन ते पाच मिनिटं आधी सांगायचं, बदलताना परत सांगायचं. खरंच गरज नसेल तर उंची बदलायचीच नाही. ऑस्ट्रेलियात २०२२-२३ मध्ये कंट्रोलर कमी पडले तेव्हा काही भागांत हाच नियम वापरावा लागला होता.

शिवाय एक नियम असा, की त्याला कंट्रोलर लागतच नाही. साधारण पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांवर उडायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर. म्हणजे आमच्या गच्चीवरून कोलकात्याला चाललेलं विमान ३५ किंवा ३७ हजारांवर, तिकडून मुंबईला येणारं ३४ किंवा ३६ वर. मध्ये हजार फुटांचं अंतर. आकाश बघताना हे मला कधी कळलंच नव्हतं!

*

"मग टॉवर बंद होणं एवढं धोक्याचं नाही तर," मी म्हणालो.

मित्र जरा थांबला. "बंद आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर निभावतं. सगळ्यांना वाटतंय चालू आहे आणि प्रत्यक्षात अर्धाच चालू आहे, तेव्हा माणसं मरतात. उबरलिंगेन वाचून काढ."

मी वाचलं. १ जुलै २००२ ची रात्र, जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं आकाश, कंट्रोल झुरिककडे. रात्री दोन कंट्रोलर कामावर, त्यातला एक विश्रांतीला गेलेला. उरलेल्या एकाकडे दोन-दोन स्क्रीन. त्याच रात्री देखभालीचं काम चालू, त्यामुळे टक्कर होऊ शकते असं आधी सुचवणारी यंत्रणा पूर्ण चालत नव्हती आणि मुख्य फोनलाइन बंद होती. शेजारच्या जर्मन केंद्रातल्या कंट्रोलरला दोन विमानं जवळ येताना दिसत होती. तो झुरिकला फोन लावत राहिला, लागला नाही. रशियन विमानातली टक्करविरोधी यंत्रणा सांगत होती, वर जा. कंट्रोलर सांगत होता, खाली या. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान आपल्या यंत्रणेचं ऐकून खालीच येत होतं. ७१ जण गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. अशा वेळी कंट्रोलरपेक्षा यंत्रणेचं ऐकायचं, हा नियम त्यानंतर जगभर निःसंदिग्ध झाला.

आपल्याला हरयाणातलं चरखी दादरी आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानांची हवेत टक्कर, ३४९ मृत्यू. तेव्हा कंट्रोलर जागेवर होता, त्यानं उंची बरोबर दिली होती. कझाक विमान त्या उंचीच्या खाली उतरलं, आणि त्याला सावध करणारी यंत्रणा विमानात नव्हती. भारतात ती सक्तीची झाली ती त्यानंतर.

उबरलिंगेन वाचताना मला सारखं आमचंच घर दिसत होतं. आमचा टॉवर पहाटे बंद पडला, आणि तीन विमानं 'टॉवर चालू आहे' असंच धरून उडत राहिली. "आई ठीक आहे ना?" "आहे ना." प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो की समोरच्यानं उत्तर दिलं नाही म्हणजे 'हो' समजू नका. स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र मी नेमकं तेच केलं. नोटॅम कोणी काढलाच नाही.

त्यात दोष कोणाचा, यावर आमच्यात एकदा कडाक्याचं भांडण झालं. दादा म्हणाला, तू पुण्याला पळालास. मी म्हणालो, तू वीस वेळा खामगावला जातोस, त्याच दिवशी का नाही गेलास. ताई रडत होती. आई पलंगावरून म्हणाली, "मी मेली नाही अजून. कामून भांडता?" त्यावर सगळे गप्प.

मग मी मित्राचा नियम सांगितला. आता विचारायला कोणी नाही, म्हणून प्रत्येकानं सांगायचं. व्हॉट्सॲपवर ग्रुप होताच, त्यावर फक्त गुड मॉर्निंगची फुलं यायची. :-) नियम साधा ठेवला. रात्री नऊ वाजता प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या: मी कुठे आहे, उद्या काय करणार, आईबाबांचं कोणतं काम माझ्याकडे आहे. बेत बदलला तर बदलायच्या आधी सांगायचं. वाचणाऱ्यानं नुसता अंगठा टाकायचा नाही, परत लिहायचं: 'कळलं, सोमवारी फिजिओ तुझ्याकडे.' वैमानिकही कंट्रोलरचं वाक्य असंच परत म्हणून दाखवतात. आणि कोणाचा निरोप आलाच नाही तर तो 'ठीक आहे' असं समजायचं नाही. फोन लावायचा.

पहिल्या आठवड्यात दादाला हे पोरकट वाटलं. दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी तिघांनी तीच औषधं आणायचा बेत लिहिला, तेव्हा त्यालाही हसू आलं. बाबा एवढी वर्षं रोज काय काम करत होते, ते तेव्हा कळलं.

*

२०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एटीसीची संदेश पोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली, तेव्हा मी बातम्या वेगळ्या नजरेनं पाहिल्या. लोक उशिरावरून चिडले होते, आठशेंहून जास्त उड्डाणं रखडली. पण कंट्रोलर फ्लाइट प्लॅन हातानं भरत होते आणि दोन विमानांमधलं अंतर वाढवत होते. यंत्रणा गेली की आधी वेग कमी करायचा, हा त्यांचा नियमच. उशीर ही त्या सुरक्षिततेची किंमत होती.

आणि २८ जानेवारी २०२६ ला बारामतीत उतरताना विमान कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातले पाचही जण गेले, तेव्हा 'अनियंत्रित विमानतळ' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. तिथे नेहमीसारखी एटीसी नव्हती. वाहतुकीची माहिती तिथल्याच विमान प्रशिक्षण संस्थांची माणसं रेडिओवर देत. अपघात का झाला हे सांगणं तपास करणाऱ्यांचं काम, त्यावर मी बोलणार नाही. मला एवढंच वाटलं, की कुठे टॉवर आहे आणि कुठे नाही हे आपण प्रवासी कधी विचारतच नाही. वर कोणीतरी बघतोय, असं धरून चालतो.

बाबा आता काठीनं चालतात. शब्द तुटक येतात, पण येतात. रात्री नऊला आई मोबाइलवरचे निरोप मोठ्यानं वाचते आणि बाबा ऐकतात. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं, 'शुक्रवारी रात्री पुण्याहून निघतो, शनिवारी सकाळी खामगाव.' आईनं वाचल्यावर बाबांनी तिला थांबवलं, बोट उचललं आणि बराच वेळ घेऊन विचारलं,

"परत... कधी?"

बरोबरच आहे. परतीची वेळ लिहायची राहिलीच होती. कंट्रोलरच्या नजरेतून सुटते होय!

त्या शनिवारी रात्री त्यांना हळूहळू गच्चीवर नेलं. नागपूरकडून एक ठिपका येत होता. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, कंट्रोलर झोपला तर? मी तेव्हा चुकीचं सांगितलं. झोपतो कधी कधी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

"मग सगळ्यांनी बोलत राहायचं."

त्यांनी मान हलवली आणि परत वर पाहायला लागले.

ता. क. तुमच्या घरात टॉवर कोण आहे, हे आज रात्री एकदा आठवून पाहा. बहुतेक आई किंवा बाबाच असतील. त्यांना फोन कराच, पण भावाबहिणीलाही थेट एक फोन करा. आजारपण यायच्या आधी. आम्हाला ते नंतर सुचलं.